गुडघे टेकले की हप्ताच आठवतो

सोलापूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव-पत्ता वगळून त्याचा गोषवारा असा. वय ३८. यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. गेल्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्या स्वतः घरी मशिनवर टॉवेलच्या कडा शिवतात, नगावर पैसे मिळतात. एका मायक्रोफायनान्स कंपनीचा दर बुधवारी हप्ता, शिवाय ओळखीच्या एकाकडून व्याजाने उचललेली रक्कम. घरात सासूबाई (त्यांची प्रार्थना तेलुगूतच चालते) आणि दहावीतली मुलगी. ‘लहानपणापासून मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वाढले, पण आता प्रार्थनेला गुडघे टेकले की हप्ताच आठवतो. देवाची शांती म्हणतात ती मला कधी मिळणार? माझाच विश्वास कमी आहे का?’ असे त्या विचारतात. त्यातच, घरी प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईंनी सांगितले आहे की तुमच्या घरात कुठले तरी पाप दडले आहे, विश्वास खरा असेल तर डायलिसिस बंद करून दाखवा, आणि विश्वासाचे दान म्हणून ५,००० रुपये द्या. शेवटी मुलीचा प्रश्न आहे: ती चर्चला यायला नाही म्हणते, जबरदस्ती करावी का?

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम.

आधी डायलिसिसचे बोलू, कारण बाकी सगळे चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. एकही वार चुकवू नका. मूत्रपिंडे चालत नसली की अंगातले जादा पाणी आणि पोटॅशियम बाहेर पडायला दुसरी वाटच उरत नाही. पाणी फुप्फुसांत उतरते, आडवे झाले की धाप लागते. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि कधी कधी ते एकाएकी थांबते. हे व्हायला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात. ‘बंद करून दाखवा’ म्हणणाऱ्या बाई तेव्हा तुमच्या घरी नसतील.

पवित्र शास्त्राला औषधाचे वावडे नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला, देवाने त्याला आयुष्य वाढवून दिले, आणि त्याच प्रसंगी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. प्रेषित पौलाच्या सोबतीला लूक होता, तो वैद्य. पौलाचा सहकारी तीमथ्य, त्याची पोटाची तक्रार सारखी चालायची, त्याला पौलाने त्या काळचा उपाय लिहून कळवला. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक लहानसे वाक्य आहे, ते सहसा कुणी मोठ्याने वाचत नाही: त्रफिमाला मी मिलेत येथे आजारी सोडून आलो. ज्या पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, त्याचाच सोबती आजारी राहिला, आणि पौलाने त्याबद्दल ना त्रफिमाला दोष दिला ना स्वतःला.

पापाचे म्हणाल तर तो प्रश्न शिष्यांनी येशूला समोरासमोर विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच ते विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशूचे उत्तर: याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हाही त्याने तेच सांगितले, की ती माणसे इतरांहून अधिक अपराधी होती असे समजू नका. त्या बाई पुन्हा आल्या तर वाद घालत बसू नका, ही दोन ठिकाणे वाचून दाखवा आणि चहा द्या.

आणि ते ५,००० रुपये देऊ नका. ज्या विधवेने दोन टोल्या (कवडीमोलाची नाणी) दानपेटीत टाकल्या तिची गोष्ट दानाच्या वेळी हमखास सांगितली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीच्या वचनात येशू कोणाचा समाचार घेतो ते मात्र सांगायचे राहते: लांबलचक प्रार्थनांचे ढोंग करून विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौलाचा हिशेब सरळ आहे. ज्याच्याजवळ जे आहे त्यातून, मनापासून, जुलूम नसताना. हप्त्याचे पैसे तुमचे नाहीत, ज्याचे देणे आहे त्याचे आहेत. ते दानात जात नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले, चिंता करू नका आणि आपली मागणी देवाला कळवा म्हणजे बुद्धीच्या पलीकडची शांती तुमच्या अंतःकरणाची राखण करील, हे वचन तुमच्या घरीही बहुधा भिंतीवर फ्रेममध्ये असेल. फ्रेममध्ये गेले की मागचा-पुढचा मजकूर सुटतो. आज संध्याकाळी ते पत्र पहिल्यापासून वाचा, चारच अध्याय आहेत, वीस मिनिटे लागतात. लिहिणारा पौल बंधनात, म्हणजे कैदेत आहे. त्याला भेटायला आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, आणि पौल लिहितो की तो गेला असता तर माझ्यावर दुःखावर दुःख कोसळले असते. त्याला परत पाठवतो आहे तेही, आपल्या जिवाचा घोर थोडा हलका व्हावा म्हणून. चौथ्या अध्यायात मंडळीतल्या दोन बायांचे भांडण मिटवायची विनंती आहे. आणि ज्या अध्यायात शांतीचे वचन आहे त्याच अध्यायात, माझ्या अडचणीत तुम्ही पैसे पाठवलेत हे बरे केलेत, अशी पोचही आहे. तृप्त राहायला मी शिकलो आहे, असे तो म्हणतो; शिकायला वेळ लागला असणार. पत्र संपते तेव्हा तो अजून बंधनातच आहे.

म्हणजे ज्या माणसाने ‘चिंता करू नका’ लिहिले त्याला घोर होता, पैशाची गरज होती आणि त्याची सुटका झालेली नव्हती. शांती ही त्या सगळ्याच्या आत त्याला मिळत होती. तुम्ही वाट पाहताय ती वेगळ्या गोष्टीची, आणि ते साहजिक आहे: हप्ते फिटावेत, यजमान बरे व्हावेत, मग मन निवांत होईल. त्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण तोवर शांतीला दाराबाहेर उभे करू नका.

‘गुडघे टेकले की हप्ताच आठवतो’ हे तुम्ही अपराधासारखे लिहिले आहे. ताई, मग हप्त्याचीच प्रार्थना करा. त्या वचनात आधी मागणी कळवायची आहे, शांती नंतर येते. आपण उलटे करतो, आधी शांत व्हायला बघतो आणि मग प्रार्थना करू म्हणतो. ते जमत नाही, म्हणून प्रार्थनाच सुटते. मंडळीत वाढलेल्यांना आणखी एक अडचण असते. प्रार्थना कशी सुरू करायची, कोणते शब्द वापरायचे, हे इतके अंगवळणी पडलेले असते की ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझे आभार मानतो’ एवढे तोंडातून आपोआप निघते आणि पोटातले पोटातच राहते.

स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे ढिगाने आहेत. सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करा, सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला जाब विचारतो, कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, असे चार वेळा. पुढच्या दोन वचनांत नेमकी मागणी. शेवटच्या दोन वचनांत, तरी मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, एवढे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला गोड शेवट नाही. तेही पवित्र शास्त्रात ठेवले गेले, हे लक्षात असू द्या, कारण काही दिवस तुम्हाला शेवटच्या दोन वचनांपर्यंत पोचता येणार नाही.

करायचे असे. दिवसातली दहा-बारा मिनिटे, त्याहून जास्त नको. वेळ ठरलेली असावी. मुलगी शाळेला गेल्यावर, मशिनवर बसण्याआधी ठीक राहील. नळाला पाणी यायच्या दिवशी सकाळ हातची जातेच, त्या दिवशी रात्री भांडी आवरल्यावर. दिवसभर वाकून शिवल्याने कंबर धरत असेल तर गुडघे टेकू नका, भिंतीला पाठ लावून बसा. पहिली दोन मिनिटे काही बोलायचे नाही, श्वास सावकाश. मग स्तोत्र मोठ्याने वाचायचे; मनात वाचले की डोळे ओळींवरून सरकतात आणि डोके बुधवारात असते. मग तुमची तक्रार, घरात बोलता त्या भाषेत, आकड्यांसकट. मग आजच्या दिवसापुरती एकच मागणी. मग आभार, पण खऱ्या घडलेल्या एकाच गोष्टीचे: काल मळमळ झाली नाही, शेठने मागचे पैसे दिले. काही सापडले नाही तर आभार सोडून द्या, ओढून-ताणून आणू नका. शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) आणि उठायचे.

जवळ एक शाळेची वही ठेवा. प्रार्थनेत जे-जे घोंगावत येईल ते हाकलू नका, डाव्या पानावर लिहा. उजव्या पानावर त्याबद्दल आपल्या हातात काय आहे ते. डावीकडे ‘बुधवारी १,२०० कमी पडतात’. उजवीकडे ‘मंगळवारी केंद्रप्रमुख बाईंना सांगायचे, शिलाईचे राहिलेले मागायचे’. डावीकडे ‘यांच्या पायावर सूज’. उजवीकडे ‘रोज सकाळी वजन करून लिहायचे, डायलिसिसच्या सिस्टरला दाखवायचे’. डावीकडे ‘हे बरे होतील का’. याच्यासमोरचे उजवे पान रिकामे राहील, ते तसेच ठेवा. आठ-पंधरा दिवसांनी वही चाळलीत तर दिसेल की ज्या चिंता रात्रंदिवस एकच गोळा होऊन बसल्या होत्या त्यांतल्या बऱ्याचशा फोन करण्याच्या, विचारण्याच्या, मागण्याच्या आहेत. खरोखर देवाच्याच हातात असलेल्या दोन-तीन उरतात. प्रार्थनेचा जोर तिथे लावा.

हे कुठे फसते तेही सांगतो. पहिल्याच आठवड्यात माणूस तासभर बसतो, रात्रभराची जागरण-प्रार्थना करतो, चौथ्या दिवशी थकतो आणि मग महिनाभर काही नाही. तुमची झोप आधीच अपुरी आहे. जागरण तुम्हाला नको. दुसरे म्हणजे सौदा: ‘प्रभू, हे बरे झाले तर मी अमुक करीन.’ सौदा पुरा झाला नाही की देवावर राग, त्या रागाची लाज, आणि लाजेपोटी प्रार्थना बंद. राग आला तर तोच प्रार्थनेत सांगा, दुःखात होरपळलेल्या ईयोबाने अध्यायांमागून अध्याय दुसरे काय केले? (देवाने शेवटी कानउघाडणी केली ती ईयोबाच्या मित्रांची, कारण त्यांच्यापाशी सगळ्याचे स्पष्टीकरण होते.) तिसरे, डोळे मिटून शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजचा संदेश समजायचा. एखाद्या दिवशी बोट शापाच्या अध्यायावर पडते आणि अख्खा दिवस जातो. ओळीने वाचा. चौथे, उपास. यजमानांनी करायचा नाही. सासूबाईंना साखर असेल तर त्यांनीही नाही. तुम्हाला करायचाच असेल तर एका वेळचे जेवण सोडा, पाणी प्या, आणि डायलिसिसचा दिवस टाळा.

रात्री दोनला जाग येते असे तुम्ही लिहिले आहे. त्या वेळी मोबाइल हातात घेऊ नका, उपदेशाचे व्हिडिओसुद्धा नकोत. ते एकातून दुसरे लागतात आणि त्यांतल्या चमत्काराच्या साक्षी रात्री दोनला ऐकल्या की ‘त्यांचे झाले, आमचे का नाही’ एवढेच उरते. हिशेबाची वही रात्री उघडायचीच नाही. पडल्या पडल्या श्वास आत घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. पूर्वेकडच्या मठांतून शेकडो वर्षे चालत आलेली ही प्रार्थना आहे, आणि ती मुळात यरीहोच्या रस्त्यावर ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाची हाक. मोजायची नाही. झोप लागली तर लागू द्या, प्रार्थना अर्धी राहिली म्हणून सकाळी टोचून घेऊ नका. वीस-पंचवीस मिनिटांत झोप आलीच नाही तर उठून बसा, दिवा मंद ठेवून चौथे स्तोत्र वाचा, पुन्हा आडव्या व्हा.

डायलिसिसचे सुमारे चार तास तुम्ही बाहेर बाकावर बसून काढता. त्या वेळेसाठी १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे घ्या. यरुशलेमेच्या सणाला चालत निघालेले यात्रेकरू ती गात जात. पंढरपूर ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांना चालत्या वाटेवर गाणे काय काम करते हे सांगायला नको. १३२ वे सोडले तर सगळी लहान आहेत, १३१ आणि १३४ तर तीन-तीनच वचनांची. एका वाराला एक. पंधरा वार झाले की पुन्हा पहिल्यापासून. १३० वे खोल गर्तेतून मारलेल्या हाकेचे आहे, पहारेकरी पहाटेची वाट पाहतो तसे वाट पाहण्याचे. १३१ व्यात दूध तुटलेले मूल आईच्या कुशीत काही न मागता पडून असते. यजमानांना ग्लानी नसेल तर घरी परतताना रिक्षात तेच स्तोत्र त्यांना वाचून दाखवा. त्यावर बोलायला पाहिजे असे नाही.

यजमानांबरोबरची प्रार्थना लहानच ठेवा. आजारी माणसापुढे लांब प्रार्थना केली की त्याला वाटते आपली अवस्था फारच वाईट दिसते. रात्री तिघी आणि ते मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा, सासूबाईंनी तेलुगूत म्हणावी, तुम्ही मराठीत, एकदम.

पैशाचे. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते, सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला निघालेला आहे. अलीशा तिला धीर धर म्हणून परत पाठवत नाही. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? तेलाची एक कुपी. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची, थोडकी आणू नकोस, असेही बजावतो. तेल वाढले, ते देवाने केले. भांडी मागत दारोदार तिला जावे लागले. आणि शेवटची सूचना निव्वळ व्यवहाराची: तेल विक, देणे फेड, उरेल त्यावर गुजराण कर.

तेव्हा घरात काय आहे ते पाहू. डायलिसिसला दर वेळी पैसे मोजत असाल तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जायचे. डायलिसिस त्या योजनेत बसते. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, विचारले तरी पुढची वाट कळेल. मायक्रोफायनान्सच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत: वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ नाही. हप्ता चुकणार असेल तर बुधवारी तोंड चुकवण्यापेक्षा आधीच केंद्रावर सांगा आणि मुदत वाढवून मिळेल का ते लेखी अर्जाने विचारा. व्याजाने पैसे देणाऱ्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते पाहा. नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. एक हप्ता फेडायला दुसरे कर्ज काढू नका, एवढे तरी पाळा.

आणि शेजाऱ्यांची भांडी. तुमच्या पत्रात मंडळीतल्या लोकांचा उल्लेख दोनदा आहे, दोन्ही वेळा ‘लोक काय म्हणतील’ या अर्थाने. धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तीन मित्रांना सांगितले, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले हे खरे, पण त्याने मागितले. तुम्ही ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढेच सांगता, लोक ‘हो’ म्हणतात आणि घरी जातात. त्यांना काय करायचे ते कळत नाही. याकोबाने हेच लिहून ठेवले आहे, उघड्या-उपाशी भावाला ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावले तर काय उपयोग? तेव्हा पाळकसाहेबांना भेटून नेमके सांगा. आठवड्यातून एका डायलिसिसला तुमच्याऐवजी कोणीतरी बसायला, म्हणजे तेवढा वेळ मशिन चालेल. त्या दिवशी संध्याकाळचा डबा. महिन्यातून एकदा यजमानांना घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी). प्याल्यातला तो एक घोट दिवसाच्या पाण्याच्या मापात सहज बसतो. आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे तसे मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी, ती औषधाबरोबर, औषधाऐवजी नव्हे.

डबा देणाऱ्यांना पथ्य लिहून द्या. सोलापुरात प्रेमाने काय येणार ते ठाऊक आहे: शेंगाचटणी, कडक भाकरी, वर केळी नाहीतर शहाळे. आजाऱ्याला शहाळे न्यायची आपली रीतच आहे, पण डायलिसिसच्या माणसाला नारळपाणी आणि केळी पोटॅशियममुळे घातक ठरू शकतात, आणि शेंगाचटणीत मीठ भरपूर. आहारतज्ज्ञाने दिलेल्या कागदाची झेरॉक्स महिला मंडळात वाटलीत तर कोणाचे मन मोडायची वेळ येणार नाही. चटणी तुम्ही आणि सासूबाई खा.

शांती कधी मिळणार, याला तारीख देता येत नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण एवढ्यासाठी देतो. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते, तिथे त्यांचे मुक्ती मिशन आहे. आईवडील दुष्काळाच्या हालांत गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती, लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, तो पुढे साधारण आठ वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. त्यानंतरही दुःख चुकले नाही; १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी तरीही पुरे करत आणले, एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला. बाप्तिस्म्याला इतकी वर्षे झाली तरी आत काही हलत नाही, असे वाटणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही.

एक गोष्ट मात्र वाट पाहण्याची नाही. ‘मी गेलो तर तुम्ही तरी सुटाल’ असे यजमान दोनदा म्हणाले, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ते ओझरते घेऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवणावरची वासना गेलेली, कशातच रस नाही, मरणाची भाषा, असे त्यांच्यात किंवा तुमच्यात दिसले तर डायलिसिसच्या डॉक्टरांना सांगा, मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. एलीयासारखा संदेष्टाही झुडपाखाली बसून ‘प्रभू, माझा जीव घे’ म्हणाला होता. देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, खाऊन त्याला पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. देवाचे बोलणे त्यानंतर, ४० दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

राहिला मुलीचा प्रश्न. जबरदस्ती करू नका. दहावीचे वर्ष, घरात आजारपण, आणि रविवारी चर्चच्या आवारात जो तो ‘पप्पा कसे आहेत?’ विचारणार, तिला कदाचित देव नकोसा नाही, ती चौकशी नकोशी आहे. तिला एकदा विचारून बघा. तसे असेल तर उपासना सुरू झाल्यावर मागच्या बाकावर येऊन बसायची आणि आशीर्वाद होताच निघायची मुभा द्या. आणि वर सांगितलेली वही तिला लपवून ठेवू नका. हप्त्याचे तिला सगळे कळतेच आहे.